विज्ञानाचं फॅब्रिकेशन कोण करतं?

देगलूरहून नांदेडमार्गे औंढा नागनाथ दीडशे किलोमीटरांच्या आसपास पडतं. औंढ्याजवळ दुधाळा गावच्या शिवारात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे, हे आता आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झालंय. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि 11 मे 2023 ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. त्या वेळच्या बातम्यांत आइन्स्टाइन आला, कृष्णविवरं आली, ज्योतिर्लिंगाच्या शेजारी विज्ञान वगैरे काव्यही आलं. या वेधशाळेचा सगळ्यात लांबलचक भाग म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची नळी आहे, याकडे मात्र फारसं कुणी बघितलं नाही.

काटकोनात दोन भुजा, प्रत्येक भुजा चार किलोमीटर. म्हणजे आठ किलोमीटर नळी, व्यास सव्वा मीटरच्या जवळपास, आणि आतून जवळजवळ पूर्ण निर्वात. ही नळी घडवणं हे भौतिकशास्त्रज्ञाचं काम नाही. ते फॅब्रिकेटरचं काम आहे: प्लेट रोल करणारा, टॅक मारणारा, आर्गन धरणारा, एक्सरे काढणारा माणूस लागतो. देगलूरला हैदराबाद रोडने किंवा उदगीर रोडने गेलं तर शटर, गेट, ट्रॉल्या, पत्र्याची शेड करणारी दुकानं ओळीने दिसतात. हीच कला, हीच हत्यारं. तरी त्या दुकानात आणि दुधाळ्याच्या नळीत फार मोठं अंतर आहे. ते अंतर आपल्या देशात कुणी, कसं आणि कशाच्या जोरावर कापलं, याचा हा आढावा.

आधी नळीबद्दलच थोडं, कारण अंतर कुठं आहे ते त्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथं अशा दोन वेधशाळा आहेत. 14 सप्टेंबर 2015 ला त्यांनीच पहिली गुरुत्वलहर टिपली. तिथल्या नळ्या 304एल जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या. पत्र्याची जाडी फक्त तीन मिलिमीटरच्या आसपास. पत्र्याची गुंडाळी मळसूत्रासारखी फिरवत, कडेला कड वेल्ड करत वीसेक मीटरचे तुकडे केले आणि ते जागेवर नेऊन एकमेकांना जोडले. आठ किलोमीटरला असे चारशे तुकडे लागतात. मळसूत्री वेल्ड सोडून फक्त तुकड्या-तुकड्यांमधले गोल सांधे एकापुढे एक मांडले तरी दीड किलोमीटर भरतात. या सगळ्या लांबीत सुईच्या टोकाहून बारीक भोकही चालत नाही.

आत काढायची हवा किती? दहा हजार घनमीटर. आपल्या हिशेबात सांगायचं तर दहा हजार लिटरचे एक हजार टँकर भरून हवा, आणि ती हवेच्या नेहमीच्या दाबाच्या लाख कोटीव्या भागापर्यंत उपसायची. पंप लावून हे काम होण्यासारखं असतं तर प्रश्नच नव्हता. अडचण खुद्द पोलादात आहे. स्टील ओततानाच त्यात थोडा हायड्रोजन विरघळून राहतो आणि निर्वात केलं की तो वर्षानुवर्षं पाझरत राहतो. म्हणून अमेरिकेत नळी करण्याआधी पत्रा साडेचारशे अंशांच्या आसपास छत्तीस तास भट्टीत भाजला. नळी उभी राहिल्यावर तिच्यातूनच जबर वीजप्रवाह सोडून ती पुन्हा महिनाभर दीडशे ते एकशे सत्तर अंशांवर तापवली, आतल्या भिंतीला चिकटलेलं पाणी आणि वायू निघून जावेत म्हणून. वर पृथ्वीची गोलाई आहेच. चार किलोमीटरमध्ये जमीन एक मीटरहून जास्त वाकते, प्रकाश मात्र सरळ जातो. तेव्हा काँक्रीटचा पाया त्या हिशेबाने ओतावा लागतो.

हे काम तिथं शिकागो ब्रिज अँड आयर्न या कंपनीने केलं. नावातच धंदा आहे. 1889 मध्ये पूल बांधायला निघालेली ही मंडळी पुढे पाण्याच्या उंच टाक्यांमध्ये स्थिरावली, मग तेलाच्या टाक्या, मग गॅसच्या. नव्वदच्या दशकात गुरुत्वलहरींची नळी त्यांच्याकडे आली तेव्हा पत्रा वाकवून न गळणारं भांडं करण्याचा शंभर वर्षांचा हात त्यांच्याकडे होता. विज्ञानासाठी म्हणून जन्मलेली ती कंपनी नव्हे. आणि हेच आपल्याकडेही जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसतं.

वालचंदनगर घ्या. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर, नीरा कालव्याच्या पाण्यावर, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी तीसच्या दशकात साखर कारखाना उभारला. वालचंद हे मूळचे ठेकेदार. बोगदे, पूल, पाइपलाइनची कामं करत वर आलेले. पुढे जहाज, विमान, मोटार असं सगळंच त्यांनी हाताळलं. वालचंदनगरला सुटे भाग आणायला पुणं-मुंबई गाठण्यापेक्षा जागेवरच दुरुस्तीचं वर्कशॉप वाढत गेलं आणि ते वर्कशॉप इतरांच्या साखर कारखान्यांची यंत्रं करू लागलं. साखर कारखान्यात काय असतं? बॉयलर, पॅन, इव्हॅपोरेटर. त्यातला पॅन म्हणजे निर्वातात रस उकळायचं भांडं. ज्या कामगाराने पॅन कधी गळू दिला नाही, त्याच्याकडे सत्तरच्या दशकात अणुऊर्जा खात्याचे आणि इस्रोचे अधिकारी आले तर त्यात नवल नाही.

या कारखान्याचं नाव आज प्रामुख्याने रॉकेटच्या मोटर केसिंगसाठी घेतलं जातं. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा आणि एलव्हीएम-3 च्या दोन्ही बाजूंना लागणारे एस-200 बूस्टर; एलव्हीएम-3 म्हणजे चांद्रयान-3 घेऊन 14 जुलै 2023 ला उडालेलं रॉकेट. एस-200 चं केसिंग 3.2 मीटर व्यासाचं, तीन भागांत केलेलं, आत दोनशे टनांच्या वर घन इंधन. आणि भिंत एक सेंटीमीटरही जाडीची नाही. त्यासाठी मॅरेजिंग स्टील लागतं: अठरा टक्के निकेल, त्यात कोबाल्ट, मॉलिब्डेनम. मऊ असताना त्याला वाकवायचं, जोडायचं, मशिनिंग करायचं. शेवटी भट्टीत ठेवून त्याची ताकद आणायची. भट्टीतून बाहेर आल्यावर वेल्डमध्ये खोट सापडली तर तेवढीच जागा कोरून पुन्हा भरणं म्हणजे दिव्यच, कारण त्या जागेचा कस पुन्हा आणावा लागतो. साखरेच्या पॅनवर ठिगळ मारता येतं. इथं ती सोय नाही.

मुंबईत विक्रोळीची गोष्ट जरा वेगळ्या चालीची. गोदरेजने 1897 मध्ये कुलपांपासून सुरुवात केली. मग तिजोऱ्या, कपाटं, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या, टाइपरायटर. कुलूप आणि टाइपरायटर म्हणजे लहान भाग, बारीक माप, आणि एकसारखे हजारो नग. फ्रान्सशी झालेल्या करारातून आलेलं 'विकास' हे रॉकेट इंजिन देशात बनवायचं ठरलं तेव्हा ही सवय कामी आली. पुढे 1993 मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्र द्यायला नकार दिला, आणि इंजिन इथंच घडवायचं म्हटल्यावर काम पुन्हा अशाच कारखान्यांकडे आलं. पोखरणच्या 1974 च्या स्फोटानंतर कॅनडाने राजस्थानच्या अणुभट्टीतून अंग काढून घेतलं, तेव्हाही हेच झालं होतं. आपल्याकडच्या विशेष फॅब्रिकेशनचा इतिहास कुणी नीट लिहिला तर त्यात बाहेरच्या नकारांना एक मोठं प्रकरण द्यावं लागेल. प्रोत्साहनाच्या योजनांना बहुधा परिशिष्ट पुरेल.

देगलूरकरांना मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं. 1956 पर्यंत आपला तालुका हैदराबाद राज्यातच होता आणि कामाधंद्याला जाण्याची वाट अजूनही तिकडेच वळते. त्या वाटेच्या टोकाला काय काय आहे बघा. कंचनबागेत 1973 पासून मिश्र धातू निगम, जिथं रॉकेटचं मॅरेजिंग स्टील तयार होतं. अणुइंधन संकुल. ईसीआयएल, ज्यांनी लडाखमधल्या हानले इथली 21 मीटर व्यासाची मेस ही गॅमाकिरण दुर्बीण उभारली. आणि बालानगरला एमटार. 1970 मध्ये मशीन टूल दुरुस्तीसाठी काढलेली ही कंपनी. तिच्या जुन्या नावातच जुनी यंत्रं पुन्हा चालती करण्याचा उल्लेख होता. अणुभट्टीतल्या इंधनवाहिन्यांच्या टोकाचे भाग, विकास इंजिनाचे भाग, क्रायोजेनिक इंजिनाचे भाग असं करत ती वाढली आणि 2021 मध्ये शेअर बाजारात आली. आता गंमत अशी की गेल्या काही वर्षांत तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा आला तो अमेरिकेतल्या एका फ्युएल सेल कंपनीच्या कामातून. अणू आणि अवकाशाने हात तयार केला, पोट भरलं दुसऱ्याच कामाने.

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथं आहे. विज्ञानाची ऑर्डर ही धंद्याच्या दृष्टीने वाईट ऑर्डर असते. एकच नग, किंवा चार. ड्रॉइंग निम्म्या वाटेत बदलतं. कागद मालापेक्षा जड: प्रत्येक प्लेटचा हीट नंबर, मिलचं सर्टिफिकेट, कुठल्या वेल्डरने कुठल्या तारखेला कुठली रॉड वापरली त्याची नोंद. निविदा निघायला वर्षं, निघाल्यावर घाई, आणि शेवटी एल-वन, म्हणजे ज्याचा दर सगळ्यात खाली त्याला काम. पुढची अशीच ऑर्डर दहा वर्षांनी आली तर नशीब. फक्त एवढ्यावर कंपनी जगत नाही. जिने तसा प्रयत्न केला ती अडचणीत येते. वालचंदनगरलाही गेल्या दशकात तोट्याची वर्षं पाहावी लागली. उलट ज्यांच्याकडे साखर, सिमेंट, डेअरी, तेलशुद्धीकरण असं रोजचं काम आहे, त्यांना ही शिस्त पचते आणि ती रोजच्या कामातही उतरते. बॉयलरचा ग्राहक मग जास्त पैसे मोजायला तयार होतो.

मोठ्या प्रमाणावर याचं उदाहरण लार्सन अँड टुब्रो. दोन डॅनिश अभियंत्यांनी 1938 मध्ये मुंबईत एका लहानशा जागेत सुरू केलेली कंपनी आधी डेअरीची यंत्रं आयात करायची. युद्धामुळे आयात थांबली तशी ती स्वतः बनवू लागली. पवईच्या कारखान्यात अणुभट्ट्यांची भांडी झाली, आणि गुजरातेत हजिऱ्याला फ्रान्समधल्या ईटर या संलयन प्रकल्पाचं क्रायोस्टॅट. उंची आणि व्यास दोन्ही तीस मीटरच्या घरात, वजन 3,850 टन, स्टेनलेस स्टीलचं. निर्वातासाठी केलेलं स्टेनलेस स्टीलचं इतकं मोठं भांडं जगात दुसरं नाही. 2012 मध्ये काम मिळालं, 54 तुकड्यांत हजिऱ्याहून जहाजाने गेलं, शेवटच्या झाकणाचे भाग जून 2020 च्या अखेरीस रवाना झाले. तीस मीटरची वस्तू वेल्ड करताना प्रत्येक शिवण थंड होताना ओढते, आणि तरी शेवटी सगळं काही मिलिमीटरांत बसलं पाहिजे. तेल-वायू आणि खत कारखान्यांसाठी जाड भिंतीचे रिॲक्टर वर्षानुवर्षं केले नसते, तर हे धाडस त्यांना झालं नसतं.

याच्या नेमकं उलट्या वाटेने गेलेलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारताना खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्यापुढे प्रश्न होता की 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या या देशात, या बजेटमध्ये करायच्या कशा. भरीव पत्र्याच्या तबकड्या केल्या तर वजन आणि वाऱ्याचा जोर दोन्ही वाढतो. मग सांगाडा जाड, मोटर मोठी, पाया मोठा. त्यांनी तबकडी पत्र्याची न करता ताणलेल्या दोऱ्यांवर स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवली. तार अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जराशी जाड. जीएमआरटी ज्या रेडिओ लहरी ऐकते त्यांची लांबी जाळीच्या चौकटीपेक्षा बरीच मोठी असते, म्हणून त्यांना जाळी ही भिंतच वाटते. वारा मात्र आरपार जातो. चौदा तबकड्या मध्यभागी एक चौरस किलोमीटरमध्ये, सोळा बाहेर तीन फाट्यांवर. म्हणजे शास्त्रज्ञाने रचनाच अशी केली की विजेचे टॉवर आणि पूल करणाऱ्या आपल्या नेहमीच्या फॅब्रिकेटरला ती झेपावी. कंपनीला प्रयोगशाळेच्या पातळीवर चढवत बसण्यापेक्षा ड्रॉइंगच शेडपर्यंत खाली आणलं. लायगोच्या बाबतीत ही मुभा फार कमी आहे. निर्वाताशी तडजोड होत नाही. पण नळीभोवतीचं आच्छादन, आधार, पाइपिंग, क्रायोपंपांच्या रेषा या ठिकाणी असा विचार करायला वाव नक्की आहे.

सर्नच्या महाकाय कण-त्वरकाखाली भारतीय जॅक आहेत, हे किती जणांना माहीत असेल? इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने रचना केली आणि बंगळूर व इंदूरच्या दोन कार्यशाळांनी सुमारे सात हजार जॅक पुरवले. तीस टनांवर वजनाचं चुंबक त्यावर ठेवून मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत हलवता येतं. तेच इंदूर, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, पुण्याची आयुका आणि अणुऊर्जा खात्याची बांधकाम शाखा आता लायगो-इंडियाचं काम पाहताहेत. नळीचं आणि निर्वाताचं मुख्य खातं गांधीनगरकडे. ईटरचं क्रायोस्टॅट ज्यांनी पार पाडलं तीच संस्था, त्यामुळे त्यांना कोणत्या कंपनीचा हात कसा आहे हे पुरतं माहीत आहे.

आता मराठवाडा यात कुठं बसतो? प्रामाणिकपणे पाहिलं तर नळी घडवण्याचं मुख्य काम इथल्या कुणाला मिळण्याची शक्यता कमी. निविदेत पूर्वानुभवाची अट असते आणि ती असावीच. पण आपल्याकडे काही नाही असंही नाही. लातूरच्या रेल्वे डब्याच्या कारखान्यातून पहिल्या डब्याचा सांगाडा 25 डिसेंबर 2020 ला बाहेर पडला. तिथं स्टेनलेसचं वेल्डिंग मोठ्या प्रमाणावर करायची सोय आहे. मांजरा काठापासून अर्धापूरपर्यंत साखर कारखाने आहेत, आणि त्यांच्या ऑफ सीझनला बॉयलरच्या नळ्या बदलणारे, एक्सरेला पास होणारा सांधा मारणारे वेल्डर आहेत. यातले बरेच जण पुढे हजिऱ्याला, जामनगरला नाहीतर थेट आखाती देशांत जातात, कारण बॉयलर वेल्डरच्या सर्टिफिकेटला तिकडे दुप्पट भाव. ही माणसं आपलीच आहेत. फक्त ज्या कामाला ती लायक आहेत ते काम इथं नाही.

त्यांना निर्वाताच्या कामाकडे वळवायचं म्हटलं तर नेमकं काय बदलतं, ते एका साध्या सांध्यावर दाखवता येईल. पाण्याची टाकी करताना आपला वेल्डर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पूर्ण शिवण मारतो, मजबुती दुप्पट. निर्वातात हाच गुन्हा. दोन शिवणींच्या मधे जी चिमूटभर हवा अडकते, ती आतल्या शिवणीतल्या केसाएवढ्या छिद्रातून महिनोन् महिने झिरपत राहते. बाहेरून हीलियम फवारून तपासलं तर गळती सापडत नाही, कारण बाहेर भोक नाहीच. म्हणून आतून अखंड शिवण आणि बाहेरून तुटक टाके, असा नियम. दुसरं, स्टेनलेसला आतून आर्गन सोडला नाही तर सांध्याची मागची बाजू काळी, खरबरीत होते. त्या खरबरीत जागेत ओल बसते ती पंपाला दाद देत नाही. तिसरं, ज्या ग्राइंडरच्या चाकाने सकाळी साधं लोखंड घासलं तेच दुपारी स्टेनलेसला लावलं तर लोखंडाचे कण रुततात आणि तिथून गंज धरतो. आणि हातमोजे. उघड्या हाताने नळीच्या आत हात लावला की बोटाचं तेल लागलं. यातली कुठलीच गोष्ट आपल्या पोरांना शिकता येणार नाही अशी नाही. यंत्रही फार महाग लागत नाही. हीलियम लीक डिटेक्टर सोडला तर. वेगळी शेड, वेगळी हत्यारं आणि 'चालतंय की' म्हणायची सवय मोडणं, एवढं लागतं. तिसरी बाब सगळ्यात अवघड.

नांदेडला 1981 पासून श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, तालुक्या-तालुक्यात आयटीआय आहेत. वेल्डर ट्रेडला स्टेनलेसच्या आर्गन वेल्डिंगचा आणि लीक टेस्टचा जोड अभ्यासक्रम औंढ्याच्या निमित्ताने सुरू करायला फार मोठा निधी लागू नये. परीक्षेला पोराने दोन फुटांचं भांडं करून आणावं, ते निर्वात करावं, सुई स्थिर राहिली तर पास. अशा परीक्षेला वशिला चालत नाही.

शिवाय वेधशाळा ही एकदा बांधून विसरायची इमारत नव्हे. लिव्हिंग्स्टनच्या नळीला नंतरच्या काळात गळती लागली ती वेल्डरच्या चुकीने नव्हे. नळी तापवताना गुंडाळलेलं उष्णतारोधक आच्छादन तसंच ठेवलं होतं, त्यात उंदरांनी घरटी केली, आणि त्यांच्या मुतामुळे स्टेनलेस खालून गंजून बारीक छिद्रं पडली. मग जागेवर जाऊन, निर्वात सांभाळत, ती शोधून बुजवत बसावं लागलं. दुधाळ्याचं शिवार सोयाबीन-हरभऱ्याचं. उंदरांची वाण तिथं पडणार नाही. तेव्हा 2030 नंतर पुढची पन्नास वर्षं रोज सकाळी टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन आठ किलोमीटर नळी धुंडाळणारी, सापडलेलं छिद्र त्याच दिवशी बुजवणारी माणसं लागतील, आणि ती गांधीनगरहून रोज येणार नाहीत.